पाद्री गुरु : फादर थॉमस स्टीफन्स यांच्या शिकवणीचा अभ्यास

जालना जिल्ह्यांतील घनसावंगी तालुक्यांत जांब नांवाचें गांव आहे. समर्थ रामदासस्वामींचा जन्म इ. स. १६०८ सालीं तेथें झाला, हें आपल्या इकडे लहानथोर सर्वांस ठाऊक आहे. जांबेच्या पश्चिमेस, गोदावरीच्या कांठीं पैठण. तेथें एकनाथमहाराजांनीं इ. स. १५९९ मध्यें देह ठेवला, त्यास तेव्हां नऊच वर्षें झालीं होतीं. म्हणजे नाथांची ओवी घरोघर पोंचत होती आणि समर्थांची ओवी अद्याप पाळण्यांत होती. नेमक्या याच काळांत, आपल्या मुलुखापासून फार दूर, गोव्यांतील साष्टी प्रांतांत एक इंग्रज कॅथलिक धर्मगुरु मराठी ओव्या रचण्यांत गुंतले होते. त्यांचें नांव फादर थॉमस स्टीफन्स.

मराठी वाङ्मयाच्या इतिहासांत त्यांचा उल्लेख 'क्रिस्तपुराणा'चे कर्ते म्हणून येतो. परीक्षेस बसणारा विद्यार्थी कर्त्याचें नांव आणि १६१६ हा सन पाठ करतो व पुढच्या कवीकडे वळतो. परंतु स्टीफन्स हे आधीं कवि नव्हते. ते आधीं शिक्षक होते, आणि त्यांचें काव्य हें त्यांच्या वर्गांतल्या एका प्रश्नाचें लांबलेलें उत्तर आहे. म्हणून या लेखांत त्यांच्या कवित्वाविषयीं थोडें आणि त्यांच्या शिकविण्याविषयीं व लोकांस सल्ला देण्याविषयीं अधिक लिहावयाचें योजिलें आहे.

त्यांचा जन्म इ. स. १५४९ च्या सुमारास इंग्लंडांतील विल्टशायर परगण्यांत बुशटन या खेड्यांत झाला. बाप व्यापारी होता. शिक्षण विंचेस्टरच्या प्रसिद्ध शाळेंत झालें. तो काळ इंग्लंडांत कॅथलिकांस कठीण होता. राणी एलिझाबेथच्या राज्यांत जुन्या पंथाची उपासना गुन्हा ठरली होती आणि धर्मगुरु होऊं इच्छिणाऱ्या तरुणास देश सोडण्यावांचून गत्यंतर नव्हतें. स्टीफन्स रोम शहरीं गेले व इ. स. १५७५ सालीं तेथें येशूसंघांत, म्हणजे ज्यांस आपण जेझुइट म्हणतों त्या संघांत, दाखल झाले. ४ एप्रिल १५७९ रोजीं लिस्बन बंदरांतून त्यांनीं जहाज धरलें आणि त्याच वर्षीं २४ ऑक्टोबरला ते गोव्यास उतरले. गोव्यांत येऊन राहिलेल्या पहिल्यावहिल्या इंग्रजांत त्यांची गणना होते. पुढील वर्षीं त्यांस धर्मगुरुपदाची दीक्षा मिळाली.

उतरल्यावर तीन आठवडे लोटण्यापूर्वींच त्यांनीं आपल्या वडिलांस एक लांब पत्र धाडलें. हें पत्र पुढें हॅक्लुट नामक ग्रंथकारानें इंग्रज खलाशांच्या प्रवासवर्णनांच्या संग्रहांत छापलें, म्हणून तें आज वाचावयास मिळतें. साडेसहा महिन्यांच्या समुद्रप्रवासाची त्यांत हकीकत आहे. वारे कसे फिरतात, खलाशी आकाशांतल्या व पाण्यावरच्या कोणत्या खुणा पाहून जमीन जवळ आल्याचें ओळखतात, कोणते पक्षी व मासे दिसले, हिरड्या सुजण्याचा रोग माणसांस कसा ग्रासतो, हें सारें त्यांत आहे. धर्मोपदेशाला निघालेल्या माणसाच्या पत्रांत उपदेश बेताचा व निरीक्षण भरपूर, ही गोष्ट आम्हांस लक्षणीय वाटते. ज्याला स्वतः नीट पाहण्याची संवय नाहीं, त्यानें दुसऱ्यास दाखवावें तरी काय?

यापुढील जवळजवळ चाळीस वर्षें, थोडा काळ वसईस गेला तो वगळतां, त्यांनीं साष्टी प्रांतांत काढलीं. हा प्रांत म्हणजे मडगांव, रायतूर, कुंकळ्ळी वगैरे गांवांचा, भाताच्या खाजणांचा व नारळीच्या बागांचा मुलूख. गांवची जमीन गांवकऱ्यांच्या समाईक मालकीची. देवळें गांवाचीं, उत्सव गांवाचे. पोर्तुगीज सत्तेनें इ. स. १५६७ च्या सुमारास येथील देवळें पाडलीं, मूर्तिपूजेस व पोथ्यांस मनाई केली, आणि मग उपदेशक आले. स्टीफन्स यांच्या कार्याचा अभ्यास करतांना ही पार्श्वभूमि दृष्टिआड करणें प्रामाणिकपणाचें होणार नाहीं. ज्या सत्तेनें लोकांचीं पुराणें काढून घेतलीं तिच्याच छत्राखालीं हा गुरु शिकवावयास बसला होता. त्याच्या शिकवणीची खरी परीक्षा याच ठिकाणीं होते.

इ. स. १५८३ हें एकच वर्ष घेतलें तरी या माणसाची बरीच ओळख पटते. त्या वर्षीं जुलईच्या २५ तारखेस कुंकळ्ळी गांवीं चर्चसाठीं जागा पाहावयास गेलेले पांच जेझुइट व त्यांच्या समवेत असलेलीं कांहीं माणसें गांवकऱ्यांनीं ठार केलीं. मृतांत रुडॉल्फ आक्वाविवा हे होते; अकबर बादशहाच्या दरबारांत राहून आलेले ते हेच. गांवकऱ्यांचा संताप आपल्या पाडलेल्या देवळांबद्दल होता. पुढें पोर्तुगीजांनीं त्यांच्या पुढाऱ्यांस बोलणीं करण्याच्या मिषानें असोळणें येथील किल्ल्यांत बोलावून मारलें. दोन्हींकडील रक्त सांडलें. विहिरींत टाकलेले आपल्या सहकाऱ्यांचे देह मिळवून त्यांस मूठमाती देण्याच्या कामीं स्टीफन्स यांनीं पुढाकार घेतला, असें सांगतात. त्यांचें वय तेव्हां चौतीस. ज्या लोकांत राहून शिकवावयाचें त्या लोकांच्या मनांत काय धुमसत आहे, हें याहून स्पष्ट कोणत्या पुस्तकानें सांगितलें असतें?

अशा प्रसंगानंतर माणूस एक तर कडवट होतो किंवा घाबरून परत फिरतो. स्टीफन्स यांनीं तीनच महिन्यांनीं, २४ ऑक्टोबर रोजीं, आपल्या भावास पत्र लिहिलें, त्यांत त्यांनीं या देशांतील भाषांचीही चर्चा केली. येथें भाषा पुष्कळ आहेत, त्यांचे उच्चार कानास गोड लागतात, आणि त्यांची रचना ग्रीक व लॅटिन या भाषांसारखी आहे, असें त्यांनीं त्यांत नमूद केलें. संस्कृत, ग्रीक व लॅटिन या एकाच घराण्यांतल्या बहिणी आहेत, असें सर विल्यम जोन्स यांनीं कलकत्त्यास जाहीर केलें तें इ. स. १७८६ सालीं. म्हणजे त्या विचाराचें बीज दोनशें वर्षें आधीं साष्टींतल्या एका धर्मगुरूच्या घरगुती पत्रांत पडलेलें आहे. स्टीफन्स यांनीं त्यावर सिद्धांत उभारला नाहीं. त्यांना भाषाशास्त्र करावयाचें नव्हतें, शेजाऱ्याशीं बोलावयाचें होतें. परंतु ज्या कानानें तें साम्य टिपलें तो कान किती बारकाईनें ऐकत होता, हें यावरून उमजतें.

त्याच वर्षाच्या अखेरीस आणखी एक प्रसंग आला. जॉन न्यूबेरी, राल्फ फिच, विल्यम लीड्स हा जवाहिऱ्या आणि जेम्स स्टोरी हा चितारी असे चार इंग्रज, व्यापारासाठीं निघालेले, होर्मुझ बंदरीं हेर म्हणून पकडले गेले व गोव्याच्या तुरुंगांत येऊन पडले. तेथें त्यांच्या ओळखीचें कोणी नव्हतें. त्यांच्याकरितां रदबदली केली ती फादर स्टीफन्स यांनीं. आर्चबिशपच्या पदरीं असलेले लिन्सखोटेन नांवाचे एक डच गृहस्थही या खटपटींत होते, व त्यांच्याच ग्रंथांतून ही हकीकत जगास समजली. अखेर जामीन घेऊन कैद्यांस मोकळें करण्यांत आलें.

येथें विद्यार्थीमित्रांनीं क्षणभर थांबावें. या घटनेच्या दोनच वर्षें आधीं, इ. स. १५८१ मध्यें, एडमंड कँपियन या इंग्रज जेझुइट धर्मगुरूस लंडन शहरीं देहांत शासन झालें होतें. स्टीफन्स स्वदेशीं परतले असते तर त्यांच्याही नशिबीं तेंच येण्याचा संभव होता. आणि आतां त्याच देशाचे, त्याच राणीचे चार प्रजाजन त्यांच्यापुढें असहाय उभे होते. त्यांस धीर देणें, त्यांची बाजू अधिकाऱ्यांपुढें मांडणें, त्यांच्यासाठीं शब्द टाकणें हें त्यांनीं केलें. लिन्सखोटेन यांस जेझुइटांच्या हेतूंविषयीं शंका होती; परदेशी व्यापाऱ्यांच्या पैशावर त्यांचा डोळा असावा, असा त्यांचा रोख दिसतो. संघाच्या हेतूंबद्दल कोणीं कांहींही म्हणो. आपल्या भाषेंत दोन शब्द बोलणारा माणूस भेटला, ही गोष्ट तुरुंगांतल्या त्या चौघांस किती मोलाची वाटली असेल, हें परमुलुखांत एकटें पडलेल्या कोणासही समजेल. चौघांपैकीं चितारी स्टोरी जेझुइटांकडेच चित्रें काढण्यास राहिला. बाकीचे इ. स. १५८४ मध्यें गुपचूप निसटले व विजापूर, गोवळकोंडें, बऱ्हाणपूर करीत आग्र्याकडे गेले. फिच इ. स. १५९१ मध्यें लंडनला पोंचला, व त्यानें आणलेल्या माहितीचा उपयोग पुढें ईस्ट इंडिया कंपनीच्या प्रवर्तकांनीं करून घेतला. एका धर्मगुरूनें दयेपोटीं केलेल्या खटपटीचे धागे कोठवर गेले पाहा! अर्थात् तो विषय निराळा.

आतां शिकवणीकडे वळूं. स्टीफन्स यांनीं लोकांस शिकविण्याआधीं लोकांची भाषा शिकून घेतली, हें वाक्य सोपें आहे. त्यामागील मेहनत सोपी नाहीं. आज आपणांपाशीं व्याकरणें आहेत, कोश आहेत. त्यांच्यापाशीं छापील असें कांहींच नव्हतें. ऐकावें, लिहून घ्यावें, चुकावें, पुन्हां विचारावें, हाच एक मार्ग. या रीतीनें जें गवसलें त्याचें त्यांनीं पोर्तुगीज भाषेंत व्याकरण तयार केलें. गोव्यांतल्या लोकभाषेस पोर्तुगीज त्या काळीं 'कानारीं' म्हणत. ती म्हणजे आपली कोंकणी. हें व्याकरण त्यांच्या मृत्यूनंतर, दिओगो रिबेरो यांनीं भर घालून, इ. स. १६४० सालीं रायतूर येथें छापविलें. भारतीय भाषेचें हें पहिलें छापील व्याकरण होय, असें जाणकार मानतात. हें पुस्तक लोकांसाठीं नव्हतें. तें नव्यानें येणाऱ्या पाद्रीमंडळींसाठीं होतें. शिष्यांस शिकविणारे शिक्षक पुष्कळ भेटतात. मागून येणाऱ्या शिक्षकांची वाट सोपी व्हावी म्हणून रात्री जागून रूपावळ्या मांडणारे थोडे.

मुलांसाठीं त्यांनीं कोंकणींत धर्मशिक्षणाचें एक लहान पुस्तक केलें. तें इ. स. १६२२ सालीं, म्हणजे तेंही त्यांच्या मागून, प्रसिद्ध झालें. त्याची मांडणी गुरु आणि शिष्य यांच्या संवादाची आहे. मूळ पोर्तुगीज पुस्तक मार्कोस जॉर्ज यांचें. परंतु त्यांतील 'मास्तर' साष्टींत आल्यावर 'गुरु' झाला, ही गोष्ट लहान दिसली तरी लहान नव्हे. मास्तर धडा देतो. गुरूपाशीं माणूस आपली अडचणही घेऊन जातो.

आणि आतां 'क्रिस्तपुराण'. या ग्रंथाच्या आरंभींच त्याच्या जन्माची कथा आहे. साष्टींत पाद्री गुरु मुलांस धर्माचे पाठ देत असतां एक ब्राह्मण, जो नव्यानें ख्रिस्ती झालेला आहे, पुढें होऊन विचारतो. त्याचा आशय असा : तुम्ही आम्हांस रोज शिकवितां तें चांगलेंच आहे, पण आमचीं पूर्वींचीं पुराणें तुम्ही बंद केलींत, मग त्यांच्या जागीं आम्हीं वाचावें काय? तसेंच एखादें पुराण तुम्ही आमच्यासाठीं कां करीत नाहीं?

हा प्रश्न नीट ऐकण्यासारखा आहे. त्यांत तक्रार आहे, पण ती अदबीनें मांडली आहे. त्यांत एक रिकामी जागा दाखविलेली आहे. संध्याकाळीं दिवेलागणीनंतर ओटीवर पोथी सोडावी, एकानें वाचावें, चौघांनीं ऐकावें, मधूनच कोणी अर्थ विचारावा, ही त्या समाजाची शेंकडों वर्षांची रीत होती. तीच रीत एका फर्मानानें थांबली होती. मनुष्याचा धर्म बदलला म्हणून त्याची सायंकाळ बदलत नाहीं. हा प्रश्न विचारणारा माणूस खराच कोणी होता कीं कवीनें योजलेलें पात्र होतें, हा वाद येथें महत्त्वाचा नाहीं. असा प्रश्न आपणांस विचारला गेला आणि तो योग्य होता, अशी कबुली गुरूनें स्वतःच्या ग्रंथाच्या पहिल्या पानांत देऊन ठेवली, हें महत्त्वाचें. दुसरा एखादा उपदेशक अशा प्रश्नावर रागावला असता. जुन्या पोथ्यांची आठवण काढतोस, म्हणजे तुझी निष्ठा कच्ची, असें म्हणाला असता. स्टीफन्स यांनीं त्या प्रश्नांतली भूक ओळखली, आणि सुमारें अकरा हजार ओव्यांचें उत्तर दिलें.

उत्तर देण्यास वेळ लागला. ते गोव्यास आले तेव्हां तीस वर्षांचे होते. ग्रंथ पुरा झाला इ. स. १६१४ च्या सुमारास आणि रायतूरच्या छापखान्यांतून बाहेर पडला इ. स. १६१६ सालीं, तेव्हां ते सदुसष्टीच्या घरांत होते. इकडे जांबेचा नारायण तेव्हां आठ वर्षांचा. ग्रंथाचे भाग दोन. पहिल्या पुराणांत सृष्टीच्या उत्पत्तीपासून ख्रिस्ताच्या आगमनाच्या आशेपर्यंतची जुन्या करारांतली कथा छत्तीस अध्यायांत आहे, व दुसऱ्यांत ख्रिस्ताचें चरित्र एकोणसाठ अध्यायांत. अध्यायास कवीनें 'अवस्वर' असा शब्द वापरला आहे. छंद अर्थात् ओवी. ज्ञानदेवांनीं नेवाशास जो छंद रुजविला व नाथांनीं पैठणास वाढविला, तोच.

भाषेच्या निवडींतही शिक्षकाची दृष्टि दिसते. लोक घरांत कोंकणी बोलत, परंतु पुराणें ऐकत तीं मराठींत; म्हणून पुराण मराठींत. मात्र ग्रंथाला जोडलेल्या गद्य प्रस्तावनेंत त्यांनीं आपला निर्णय उलगडून सांगितला आहे : जुन्या कवींचे अवघड शब्द आपण टाळले, आणि सामान्य जनांस उमजावे म्हणून तिकडील बोलींतले सोपे शब्द मराठींत मिसळले. पांडित्य मिरविण्याची संधि सोडून देणें हें विद्वानाला सर्वांत जड जातें. त्यांना मराठीचें सौंदर्य कळत नव्हतें असें मुळींच नाहीं. रत्नें, फुलें, सुगंधी द्रव्यें, पक्षी आणि वृक्ष यांतील श्रेष्ठांचे दाखले एकामागून एक देऊन त्यांनीं मराठी भाषेची जी थोरवी गायिली आहे, ती तर पाठ्यपुस्तकांतून पुनःपुन्हां छापली गेली आहे. पण ती स्तुति वाचून आपण सुखावतों आणि प्रस्तावनेंतलीं तीं साधीं वाक्यें वाचीतच नाहीं. आमच्या मतें स्टीफन्स यांचें मराठीवरील प्रेम त्या स्तुतीपेक्षां या वाक्यांत अधिक खरें दिसतें. भाषेची स्तुति करणाऱ्यास श्रोत्याची गरज नसते. अवघड शब्द गाळणाऱ्यास श्रोता सतत डोळ्यांपुढें ठेवावा लागतो.

दुसरें असें कीं, हें पुराण एकतर्फी सांगितलेलें नाहीं. कथा चालली असतां श्रोते मध्येंच शंका काढतात, आणि गुरु कथा थांबवून त्या शंकेकडे वळतो. कीर्तनांत किंवा पोथीच्या बैठकींत जसें घडतें तसेंच हें. शंका घेणें म्हणजे उद्धटपणा, असा समज आपल्या शाळांतून अद्याप पुरता गेलेला नाहीं. चारशें वर्षांपूर्वींच्या या ग्रंथांत शंका विचारणाऱ्यास मानाची जागा आहे. अर्थात् उत्तर गुरूच्याच पदरांत आहे, आणि तें ठरलेलें आहे, हेंही म्हटलें पाहिजे. पाद्री गुरूस श्रोत्यानें निरुत्तर केलें असा प्रसंग या ग्रंथांत शोधूं नये. ती अपेक्षा त्या काळाच्या धर्मग्रंथाकडून करणें अन्यायाचें होईल. तरी प्रश्न दडपून टाकण्यापेक्षां तो ग्रंथांत लिहून ठेवणें कितीतरी पुढचें पाऊल आहे.

शब्दांच्या बाबतींतही त्यांनीं हीच वाट धरली. स्वर्गास त्यांनीं 'वैकुंठ' म्हटलें आणि ग्रंथास 'पुराण'. ज्या शब्दांभोंवतीं ऐकणाराच्या मनांत आधींच भक्तिभाव सांठलेला आहे ते शब्द त्यांनीं उचलले व त्यांत आपला अर्थ भरला. कोणी म्हणेल, हा डावपेंच होता. असेलही थोडा. परंतु डावपेंचाकरितां माणूस पस्तीस वर्षें ओवीचा नाद कानांत घोळवीत बसत नाहीं. उसन्या शब्दांची ही देवघेव एका बाजूनेंच झाली असेंही नाहीं. 'पाद्री' हा शब्दच पोर्तुगीज आहे, त्याचा मूळ अर्थ बाप. त्याच वाटेनें पाव, बटाटा, चावी, पगार, घमेलें हे शब्द मराठींत आले, आणि आज जालन्याच्या बाजारांत घमेलें विकत घेणाऱ्यास तें कोणत्या समुद्रावरून आलें याची वार्ताही नसते.

एक इच्छा मात्र त्यांची अपुरी राहिली. हिंदुस्थानांतला पहिला छापखाना इ. स. १५५६ सालीं गोव्यांत आला, पण त्यांत खिळे होते रोमन लिपीचे. इ. स. १६०८ मध्यें, म्हणजे समर्थांच्या जन्माच्याच वर्षीं, स्टीफन्स यांनीं रोम येथील आपल्या वरिष्ठांस लिहिलें कीं, या देशाच्या लिपींत पुस्तकें छापण्याची आमची फार दिवसांची इच्छा आहे. या लिपींत व्यंजनें व स्वर जोडून अक्षरें होतात, म्हणून साचे सहाशेंपर्यंत लागतील अशी अडचण सांगण्यांत येई. ती संख्या दोनशेंवर आणण्याची युक्ति निघाली आहे, असेंही त्यांनीं कळविलें. धर्मगुरु, कवि, वैयाकरण, आणि त्यांत हे खिळ्यांचे हिशेब! तें घडून आलें नाहीं. मराठी ओव्या रोमन अक्षरांत, पोर्तुगीज वळणाच्या उच्चारलेखनांत छापाव्या लागल्या. कारण साधें होतें : पुस्तक दिसावयास कसेंही असलें तरी तें लोकांच्या हातीं पडणें आवश्यक होतें.

इ. स. १६१९ सालीं फादर स्टीफन्स गोव्यांतच निवर्तले. चाळीस वर्षांत ते एकदांही मायदेशीं गेले नाहींत.

त्यांच्या मागें ग्रंथ चर्चमधून व घरोघर वाचला जाऊं लागला. इ. स. १६४९ व १६५४ मध्यें त्याच्या आणखी दोन आवृत्त्या निघाल्या. मग वारा फिरला. इ. स. १६८४ मध्यें गोव्याच्या व्हाइसरॉयानें फर्मान काढलें कीं, लोकांनीं तीन वर्षांच्या आंत आपली भाषा सोडून पोर्तुगीज बोलावें; पाद्र्यांनीं लोकांची भाषा शिकण्याची गरज नाहीं, लोकांनींच पाद्र्यांची शिकावी. स्टीफन्स यांनीं जें आयुष्यभर केलें त्याच्या नेमकें उलट. आधीं पुराणें गेलीं होतीं, आतां त्यांच्या जागीं आलेल्या पुराणाची भाषाच जावी असा हुकूम झाला. साष्टींतल्या त्या प्रश्नकर्त्याचे नातू-पणतू यावर काय म्हणाले असतील, याची कल्पना वाचकांनींच करावी.

भाषा फर्मानानें मेली नाहीं. गोव्यांतून दक्षिणेस कानडा मुलुखांत गेलेल्या ख्रिस्ती कुटुंबांनीं या पुराणाच्या हातानें उतरलेल्या प्रति आपल्याबरोबर नेल्या व पिढ्यान्पिढ्या जपल्या. अशाच हस्तलिखितांवरून जोसेफ साल्ढाना यांनीं इ. स. १९०७ मध्यें मंगळूर येथें रोमन लिपींत आवृत्ति काढली. पुढें लंडन येथील मार्सडन यांच्या संग्रहांत या ग्रंथाचें देवनागरी हस्तलिखित असल्याचें जस्टिन अॅबट यांनीं अभ्यासकांच्या नजरेस आणलें. महाराष्ट्रांत शांताराम बंडेलू यांनीं इ. स. १९५६ सालीं देवनागरी आवृत्ति प्रसिद्ध केली. त्यानंतर फादर कारिदाद द्रागो यांची १९९६ सालीं, आणि फादर नेल्सन फलकाव यांची, आधुनिक मराठी अनुवादासह, २००९ सालीं निघाली. हे शेवटचे दोघेही धर्मगुरु. देवनागरी खिळ्यांची जी मागणी १६०८ मध्यें रोमला गेली ती अशी साडेतीनशें वर्षांनीं पुण्यामुंबईच्या छापखान्यांत पुरी झाली.

ज्या विद्यार्थ्यांस मूळ ग्रंथ पाहावयाचा असेल त्यांनीं पहिल्या पुराणाच्या पहिल्या अवस्वरापासून आरंभ करावा व तो मोठ्यानें वाचावा. डोळ्यांनीं वाचतांना अडणारे शब्द कानांस बहुधा अडत नाहींत. आपल्या भागांतल्या ज्या घरीं अजून आजोबा ज्ञानेश्वरी किंवा एकनाथी भागवत लावतात, त्या घरच्या मुलांस तर ही ओवी परकी वाटण्याचें कारणच नाहीं. मूळ रायतूरच्या छापील पुस्तकाची मात्र कोणीं आशा धरूं नये. १६१६, १६४९ आणि १६५४ या तिन्ही आवृत्त्यांपैकीं एकही प्रत आजवर सांपडलेली नाहीं; आपल्या हातीं आहे तें सारें, ऐकणाऱ्यांनीं आपल्यासाठीं उतरून घेतलेल्या वह्यांतून आलेलें आहे.